घरट्यातल्या मुंगीला नाव हवंच

प्रश्न थोडक्यात असा. जमिनीवर अंडी घालणारे आणि आता मोजकेच उरलेले समुद्रपक्षी एका छोट्या बेटावर आहेत. त्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गटात प्रश्नकर्ती स्वयंसेवक आहे. एका घरट्यात कवच फोडून अर्धवट बाहेर आलेलं पिल्लू मेलेलं सापडलं, अंगावर मुंग्यांचा थर. गटाने नोंदवहीत लिहिलं, 'मृत्यूचं कारण : मुंग्या'. तिने मुंग्यांची प्रजाती ओळखून घेऊ असं सुचवलं, तेव्हा उत्तर मिळालं की उष्ण कटिबंधातल्या बहुतेक कीटकांना अजून नावंच नाहीत, त्या नादी लागण्यापेक्षा सरळ औषध टाकू. वर्गीकरणाने खरंच पक्षी वाचतात का, असं ती विचारते.

वाचतात. मी कीटकांच्या वर्गीकरणाचं काम करते. गेली वीसेक वर्षं पक्ष्यांवर काम करणारी मंडळी घरट्यातून गोळा केलेल्या बाटल्या माझ्या टेबलावर आणून ठेवतात, त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं पाहिली आहेत. तुमच्या नोंदवहीतल्या त्या एका ओळीत दोन दावे आहेत. पिल्लू मुंग्यांनी मारलं हा एक, आणि 'मुंग्या' एवढं नाव पुरेसं आहे हा दुसरा. पहिला कोणी तपासलेला नाही. दुसरा चूक आहे.

आधी पहिला दावा. घरट्यातला मारेकरी ओळखण्यात भल्याभल्यांची वर्षं वाया गेली आहेत. पश्चिम प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लष्करी सामानाबरोबर तपकिरी वृक्षसर्प पोचला. पुढच्या तीसेक वर्षांत जंगलातल्या पक्ष्यांचा आवाज एकेका भागातून बंद होत गेला. संशय आधी कीटकनाशकांवर गेला, रोगांवर गेला. पक्षी नाहीसे होण्याचा क्रम आणि साप पसरण्याचा क्रम ज्युली सॅव्हिज यांनी शेजारी शेजारी मांडून पाहिला. १९८७ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला, तोवर बेटावरचे बहुतेक वनपक्षी हातचे गेले होते. स्थानिक बारा वनपक्ष्यांपैकी दहा तिथल्या रानातून संपले. ग्वामचा खंड्या पिंजऱ्यातल्या पैदाशीमुळे तेवढा तगला. २०२४ मध्ये त्याचे काही पक्षी पाल्मायरा प्रवाळबेटावर सोडले, ते ग्वामपासून हजारो किलोमीटर दूर आहे.

दुसरं उदाहरण दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटाचं. तिथल्या ट्रिस्टन अल्बट्रॉसची पिल्लं मरत होती. पिल्लू कित्येक किलो वजनाचं, आणि बेटावर बाहेरून आलेला सस्तन प्राणी एकच, घरात फिरतो तो साधा छोटा उंदीर. तो एवढ्या मोठ्या पिल्लाला मारत असेल हे कोणाला पटणारं नव्हतं. रात्रीच्या कॅमेऱ्यात तो जिवंत पिल्लाचं मांस कुरतडताना दिसला तेव्हा वाद संपला. म्हणून घरट्याजवळ कॅमेरा लावणं शक्य असेल तर आधी तो लावा, तर्क नंतर करा.

मुंग्यांच्या बाबतीत पेच वेगळा आहे. त्या मारतातही, आणि दुसऱ्या कशाने मेलेल्या पिल्लावर तासाभरात जमतातही. दोन्ही वेळी आपल्याला दिसतं ते दृश्य एकच. फरक पिल्लाच्या कातडीवर शोधायचा असतो. जिवंत कातडीवर डंख बसला तर सूज येते, लाली येते, जागोजागी पुळ्या दिसतात. मेल्यानंतर मुंग्यांनी कुरतडलेली कातडी वरवर खरवडल्यासारखी दिसते, कडा वेड्यावाकड्या, पण खाली सूज नाही आणि रक्तही नाही. पिल्लाला स्पिरिटमध्ये बुडवण्याआधी भिंगाखाली हे बघून फोटो काढून ठेवायला हवेत. तुमच्या घरट्यातली एक गोष्ट मात्र मुंग्यांवरचा संशय वाढवते, ती म्हणजे वेळ. कवचाला पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत कित्येक तास जातात, काही जातींत दिवस-दीड दिवस. ओलसर, गरम, हलता न येणारा जीव आणि आत शिरायला तयार वाट. आगमुंग्या नेमक्या याच वेळी आत घुसतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांत हे अनेक ठिकाणी पाहिलं गेलं आहे.

हीच चूक मी स्वतः एकदा केली आहे, मुंग्यांऐवजी अळ्यांच्या बाबतीत. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका मेलेल्या पिल्लावर पांढऱ्या अळ्या दिसल्या आणि मी 'रक्तपिपासू माशीच्या अळ्या' अशी नोंद करून मोकळी झाले. त्या नोंदीवरून घरट्यांत औषध घालायचं ठरत होतं. दोन दिवसांनी अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. माशीच्या अळीच्या मागच्या टोकाला दोन तपकिरी चकत्या असतात, त्यांतून ती श्वास घेते, आणि पूर्ण वाढलेल्या अळीत प्रत्येक चकतीवर तीन फटी दिसतात. माझ्यासमोरच्या अळीत तिन्ही फटी सरळ होत्या, एकाच बाजूला झुकलेल्या, हाताची तीन बोटं तिरकी धरावीत तशा. ही मढ्यावर अंडी घालणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्यांच्या कुळाची खूण. म्हणजे माशी आली ती पिल्लू मेल्यावर. पिल्लू कशाने मेलं ते आम्ही पाहिलंच नव्हतं. औषध थांबवलं आणि घरट्यावर कॅमेरा लावला.

खरोखर रक्त पिणारी माशी कशी असते आणि तिला ओळखायला उशीर झाला तर काय होतं, हे गालापागोस बेटांवर पाहायला मिळतं. हे उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या गटाला यातूनच उत्तर मिळेल. फिलॉर्निस डाउन्सी ही घरमाशीच्या कुळातली माशी. प्रौढ माशी अगदी निरुपद्रवी असते, कुजत्या फळांवर आणि गोड रसावर जगते. म्हणूनच पपईच्या रसाचे सापळे लावून ती पकडतात. अंडी मात्र ती पक्ष्यांच्या घरट्यात घालते. पहिल्या अवस्थेतल्या अळ्या पिल्लाच्या नाकपुड्यांत शिरतात. मोठ्या झाल्या की दिवसा घरट्याच्या तळाशी काड्यांत दडून बसतात आणि रात्री वर येऊन पिल्लाचं रक्त पितात. दिवसा घरट्यात डोकावलं तर काहीच दिसत नाही, पिल्लं तेवढी फिकी आणि मलूल वाटतात. जी वाचतात त्यांच्यातल्या काहींच्या चोचीवरच्या नाकपुड्या कायमच्या रुंद आणि वेड्यावाकड्या होतात.

आता सालं बघा. ही माशी गालापागोसमध्ये १९६४ मध्येच पकडली गेली होती. प्रजातीला नाव मिळालं १९६८ मध्ये, तेही त्रिनिदादमधल्या नमुन्यांवरून. आणि डार्विनच्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यात तिच्या अळ्या पहिल्यांदा सापडल्या १९९७ मध्ये. जुने नमुने पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की माशी तिथे तीस वर्षांहून जास्त काळ होती. त्या १९६४ च्या टाचणीवरच्या माशीकडे ही माहिती असलेल्या कोणी वेळेत पाहिलं असतं तर काम कितीतरी आधी सुरू झालं असतं. संग्रहालयातल्या ट्रेमधल्या बिननावाच्या नमुन्यांबद्दल मला कळकळ वाटते ती यामुळे.

या माशीचा सगळ्यांत मोठा मार कांदळवनातल्या फिंचला बसतो. तो आज फक्त इसाबेला बेटावर, किनाऱ्यालगतच्या दोन छोट्या कांदळवनांत उरला आहे, एकूण शंभरच्या आसपास. त्याच्या घरट्यावर दोन शत्रू आहेत. काळा उंदीर अंडी आणि पिल्लं खातो, आणि उंदरांपासून वाचलेल्या पिल्लांचं रक्त माशीच्या अळ्या पितात. २००७ पासून तिथे उंदरांचा नियमित बंदोबस्त सुरू झाला आणि अंडी टिकू लागली, पण पिल्लं मरतच राहिली. एकट्या उंदरावर थांबलं असतं तर पक्षी वाचला नसता. २०१४ पासून काही घरट्यांतली अंडी उचलून सांताक्रूझ बेटावरच्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात पिल्लं हाताने वाढवली आणि मोठी झाल्यावर पुन्हा कांदळवनात सोडली. दुसऱ्या फिंच जातींवर एक सुंदर प्रयोग झाला. परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस झाडांवर टांगून ठेवला, पक्ष्यांनी तो आपणहून नेऊन घरट्यात विणला आणि त्या घरट्यांत अळ्या जवळपास उरल्या नाहीत. हा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता याच माशीची चुलत बहीण बघा. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावरचा रिजवे ससाणा संकटग्रस्त आहे. त्याच्या पिल्लांना फिलॉर्निस पिकी ही माशी छळते. पण हिच्या अळ्या तळाशी दडत नाहीत. त्या पिल्लाच्या कातडीखाली शिरतात आणि अंगावर गाठी उठतात. घरट्याच्या काड्यांत औषधाचा कापूस मिसळून इथे काय उपयोग? पिल्लालाच हात लावावा लागतो, एकेक घरटं चढून. माशीचा फिलॉर्निस गट तोच, प्रजाती वेगळी, आणि उपायाची जागाच बदलते. कोणी वहीत नुसतं 'फिलॉर्निस' लिहून ठेवलं असतं तर पुढच्या माणसाला यातलं काही कळलं नसतं.

मुंग्यांतही असंच आहे. पिवळी वेडी मुंगी डंख मारत नाही. तिच्या पोटाच्या टोकाला बारीक गोल छिद्र असतं, त्यातून ती आम्ल फवारते. प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन प्रवाळबेटावर २०१० मध्ये ती सापडली तेव्हा जमिनीवर बसलेल्या लाल शेपटीच्या ट्रॉपिकबर्ड पक्ष्यांचे डोळे आम्लाने जात होते, चोचीभोवतीची कातडी सोलत होती. पक्ष्यांनी त्या भागात घरटी करणं सोडलं. कार्यकर्त्यांच्या तुकड्या महिनोन्‌महिने त्या बेटावर राहून आमिष टाकत राहिल्या, आणि २०२१ मध्ये मुंगी तिथून पूर्ण नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. आगमुंगी डंख मारते आणि अंड्यात शिरते. तिसरी, छोटी आगमुंगी, जमिनीवरही राहते आणि झाडावरही. जमिनीवर आमिष टाकून ती संपली असं वाटतं आणि फांद्यांवरून पुन्हा खाली येते, म्हणून तिच्यासाठी झाडांवर चिकट आमिष फवारावं लागतं.

आमिषही सगळ्यांना एक चालत नाही. तेलात भिजवलेला मक्याचा भरडा आगमुंग्या आनंदाने वारुळात नेतात. वेडी मुंगी त्याला फारशी विचारत नाही, तिला गोड द्रव हवा किंवा मासळीसारखी प्रथिनं. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर तिच्यासाठी मासळीच्या भुकटीचं आमिष हेलिकॉप्टरने टाकलं, पण त्याचा वास नारळखेकड्यांनाही लागतो, त्यामुळे त्यांना दुसरं खाणं टाकून आधी बाजूला न्यावं लागलं. तुमच्या गटाने नाव न शोधता बाजारातलं तयार आमिष टाकलं आणि मुंगी चुकीची निघाली, तर पैसे आणि विणीचा एक हंगाम जाईल, आणि विष खेकड्यांच्या पोटात जाईल.

नावाचा आणखी एक उपयोग आहे, जुनं ज्ञान सापडणं. पिवळ्या वेड्या मुंगीचं नाव आज अॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस. पण तिला पहिलं नाव दिलं ते मद्रासच्या लष्करातले डॉक्टर टी. सी. जेर्डन यांनी, १८५१ मध्ये, दक्षिण भारतातल्या मुंग्यांच्या यादीत. त्यांनी 'लांब पायांची' अशा अर्थाचं लाँजिपेस हे नाव ठेवलं. ते नाव फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्येच दुसऱ्या एका मुंगीला देऊन ठेवलं होतं, म्हणून नियमाप्रमाणे जेर्डन यांचं बाद झालं आणि फ्रेडरिक स्मिथ यांचं १८५७ चं नाव लागू झालं. शोधताना दोन्ही नावं माहीत नसतील तर या मुंगीबद्दलचं कितीतरी जुनं लिखाण हाती लागत नाही. याच जेर्डन यांच्या नावाने एक अतिसंकटग्रस्त पक्षी आहे, जेर्डनचा धाविक. १९०० नंतर तो कोणाला दिसला नव्हता आणि १९८६ मध्ये भारत भूषण यांना आंध्रातल्या झुडपी रानात पुन्हा सापडला. मुंग्या आणि पक्षी एकाच वहीत लिहिणारा माणूस म्हणजे जेर्डन. ही सवय आपण सोडायला नको होती असं मला फार वाटतं.

आता 'बहुतेकांना नावंच नाहीत' या मुद्द्याकडे. विधान खरं आहे. कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला, खाली पडलेल्या भुंगेऱ्यांत सुमारे बाराशे प्रजाती निघाल्या, आणि १९८२ मध्ये त्यावरून त्यांनी उष्ण कटिबंधात तीन कोटी प्रजाती असतील असा अंदाज मांडला. आजचे अंदाज बरेच खाली आले आहेत, कीटकांसाठी पंचावन्न लाखांच्या आसपास. त्यांतल्या दहा लाखांना नावं आहेत. ज्यांना नाव आहे तेही एकच असतील असं नाही. १७७५ पासून एक प्रजाती मानलेलं कोस्टा रिकातलं अॅस्ट्राप्टेस फुलगरेटर हे फुलपाखरू २००४ मध्ये निदान दहा प्रजातींचं निघालं. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या एका जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचून हे कळलं, पण सुरवंटांचे रंग आणि त्यांची खाण्याची झाडं वेगवेगळी आहेत हे तिथे वर्षानुवर्षं सुरवंट वाढवणाऱ्यांच्या नोंदींत आधीच होतं. दोन्ही जुळले म्हणून निष्कर्ष पक्का झाला. नुसत्या जनुकाच्या तुकड्यावर मी कधी प्रजाती ठरवत नाही.

पण हे अज्ञान तुमच्या बेटाला लागू होत नाही. बेटांवर पक्ष्यांची पिल्लं मारणाऱ्या मुंग्या जवळपास नेहमी माणसाबरोबर, जहाजांतून, रोपांच्या कुंड्यांतून आलेल्या असतात, आणि अशा भटक्या मुंग्यांची यादी एका पानात मावते. त्यांतल्या बहुतेकींची वर्णनं शंभर वर्षांहूनही आधी झाली आहेत. तुमची मुंगी त्या यादीतली असेल तर ओळख एका दुपारचं काम आहे. यादीबाहेरची निघाली तर मात्र औषध टाकू नका. ती कदाचित त्या बेटाचीच मूळ रहिवासी असेल, आणि पिल्लू दुसऱ्याच कशाने मेलं असेल.

जिथे शत्रूवर शत्रू सोडायचा असतो तिथे नावातली चूक सगळ्यांत महाग पडते. आफ्रिकेत १९७० च्या दशकात कसावा या कंदाच्या पिकावर पिठ्या ढेकूण हा रस शोषणारा कीटक पडला. त्याचे नैसर्गिक शत्रू दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून शोधून आणले, ते आफ्रिकेतल्या ढेकणावर चालेनात. बारकाईने पाहिल्यावर कळलं की तिकडचा ढेकूण दिसायला तसाच, पण वेगळी प्रजाती आहे. त्याच्यात नर असतात, आफ्रिकेत आलेल्यात मादीच मादीला जन्म देते. खरी प्रजाती १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडली आणि तिच्यावर जगणारी चिमुकली गांधीलमाशी आफ्रिकेत सोडल्यावर पीक सावरलं. गालापागोसच्या माशीसाठीही इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरच्या कोनुरा अॅन्युलिफेरा या गांधीलमाशीचा अभ्यास चालू आहे. ती दुसऱ्या कुठल्या कीटकाला हात लावत नाही ना, हे वर्षानुवर्षं तपासलं जातंय. तिथे घाई नको, हे माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. पुढच्या वेळी पिल्लावरच्या मुंग्या, घरट्याच्या कडेच्या मुंग्या आणि दोन मीटरवरच्या मुंग्या वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. पिल्लावर जी मुंगी आहे तीच आसपास आहे का, हे त्यावरून कळतं. पंच्याण्णव टक्क्यांचं अल्कोहोल वापरा. फॉर्मॅलिन अजिबात नको, त्यात जनुकांचं वाचन बिघडतं. लहान मुंग्यांबरोबर मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या दिसल्या तर त्या जरूर घ्या, ओळख त्यांच्यावर अवलंबून असते. अळ्या सापडल्या तर काही थेट अल्कोहोलमध्ये टाका, काही आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे काळ्या पडत नाहीत, आणि दोन-चार जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवा. पिल्लं उडून गेल्यावर अख्खं घरटं पिशवीत बांधून आणता आलं तर उत्तम, तळाशी राहिलेले कोष मोजता येतात. हे सगळं परवानगी काढूनच करा, आणि विणीच्या वेळी घरट्याजवळ पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. तारीख, जागा, कुठल्या पक्ष्याचं घरटं, घरट्याच्या कुठल्या भागातून, पिल्लू तेव्हा जिवंत होतं की मेलेलं, आणि कोणी गोळा केलं. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोलने पुसली जाते, मग ती बाटली कोणाच्याच कामाची राहत नाही.

नोंदवहीतली ती ओळ खोडू नका. तिच्यासमोर 'अनिश्चित, मुंग्या उपस्थित' असं लिहा.

तुमच्याकडे आत्ता जी बाटली आहे त्यातली एक मुंगी भिंगाखाली घ्या आणि दोन गोष्टी बघा. छाती आणि पोट यांच्यामधल्या कंबरेला गाठी किती आहेत, आणि शृंगिकेला, म्हणजे डोक्यावरच्या मिशीला, भाग किती आहेत. कंबरेला एकच गाठ, पाय आणि शृंगिका शरीराच्या मानाने फार लांब, शृंगिकेचे भाग अकरा असतील तर पिवळी वेडी मुंगी असण्याची शक्यता मोठी. दोन गाठी आणि दहा भाग, त्यांतले शेवटचे दोन गदेसारखे जाड, पाठीवर काटे नाहीत, तर आगमुंगीचा गट. दोन गाठी, अकरा भाग आणि पाठीच्या मागच्या टोकाला दोन लांब काटे, तर छोटी आगमुंगी. दोन गाठी, बारा भाग आणि शेवटचे तीन जाड, तर मोठ्या डोक्याची मुंगी असू शकते. भाग मोजताना डोक्याजवळचा पहिला लांब दांडाही धरायचा, तो बहुतेक जण विसरतात. मोजलेत की आकडे आणि चेहऱ्याचा, बाजूचा असे दोन फोटो पाठवा, मी बघून सांगते.